संस्थापक-अध्यक्षांचा सुकाळ

महाराष्ट्रात सार्वजनिक कामाला माणसे मिळत नाहीत, ही तक्रार आपण गेली कित्येक वर्षे ऐकतो आहोत. वाचनालयांना वर्गणीदार नाहीत, हौशी नाटकाच्या तालमींना पात्रे वेळेवर येत नाहीत, गावच्या तालमीतला हौदा कबुतरांच्या ताब्यात गेला आहे. ही तक्रार करणाऱ्यांनी एकदा परदेशी विद्यापीठांकडे जाणारे अर्ज उघडून पाहावेत. अकरावीची दिवाळी ते बारावीची दिवाळी या बारा महिन्यांत पुण्या-मुंबईच्या एकेका उपनगरात जेवढ्या संस्था निघतात, तेवढ्या रानडे-आगरकरांच्या काळात अख्ख्या प्रांतात निघाल्या नसतील. प्रत्येक संस्थेला संस्थापक आहे, अध्यक्ष आहे (बहुधा तोच), बोधचिन्ह आहे, इन्स्टाग्रामवर खाते आहे आणि नावात 'प्रोजेक्ट' किंवा 'इनिशिएटिव्ह' आहे. सभासद तेवढा नाही, कारण ज्याने सभासद व्हायचे तो शेजारच्या सोसायटीत स्वतःची संस्था काढण्यात गुंतला आहे. उद्दिष्टे भव्य असतात: सागरी कासवांचे रक्षण, ग्रामीण मुलींचे आरोग्य, आजी-आजोबांची डिजिटल साक्षरता. या तिसऱ्या संस्थेचा अध्यक्ष घरच्या आजीने व्हॉट्सॲपबद्दल दुसऱ्यांदा विचारले की वैतागतो, ती गोष्ट वेगळी. प्रवेश मिळाल्याचा ईमेल आला की संस्थेचे कार्य संपते आणि कासवे पुन्हा देवाच्या हवाली होतात.

हा सगळा खटाटोप ज्या कागदासाठी चालतो तो एकदा नीट पाहायला हवा. अमेरिकेतल्या १५ कॉलेजांनी १९७५ साली एकत्र येऊन एकच सामाईक अर्ज ठरवला. 'कॉमन ॲप' या नावाने ओळखला जाणारा हा अर्ज आज हजाराहून जास्त शिक्षणसंस्था घेतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी दहा जागा आहेत. प्रत्येक जागेत आपले पद ५० अक्षरांत, संस्थेचे नाव १०० अक्षरांत आणि प्रत्यक्ष काय केले ते १५० अक्षरांत सांगायचे, तेही मधल्या मोकळ्या जागा धरून. दीडशे अक्षरांत माणूस खोटे बोलत नाही, फक्त फार वेगाने मोठा होतो. सुट्टीत आजोळी गेलेल्या मुलाने तिथल्या शाळेला आपली जुनी गोष्टींची पुस्तके दिली, मुख्याध्यापकांनी चहा पाजला, सरपंच येऊन फोटोत उभे राहिले. एवढीच हकिगत अर्जात शिरते तेव्हा तिची 'ग्रामीण वाचनचळवळीचा प्रवर्तक, ४०० लाभार्थी, स्थानिक प्रशासनाशी समन्वय' अशी ओळ होते. चारशे हा शाळेचा पट आहे. समन्वय म्हणजे तो चहा.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की हे सगळे उपक्रम म्हणजे थोतांड आहे आणि पोरांनी गप्प बसून गणिते सोडवावीत. माझे म्हणणे बरोबर उलटे आहे. खेळ, नाटक, वादविवाद, समाजसेवा, गाणे, गिर्यारोहण यांनी माणूस घडतो, याला चांगला पुरावा आहे आणि तो मी पुढे देणार आहे. पण अर्जातल्या त्या एका ओळीवरून समोरचा माणूस किती घडला हे कळते, याला पुरावा फारसा नाही. उलट तसे कळत नाही, असे सांगणारा पुरावा बराच आहे. उपक्रमांचे महत्त्व सांगणारे लोक पहिल्या गोष्टीचा पुरावा देऊन दुसऱ्या गोष्टीची फी घेतात. समुपदेशकांचा एक अख्खा धंदा या फटीत उभा आहे.

छंदाला भाव लावण्याच्या बाबतीत आपण अमेरिकेच्या फार मागे आहोत असेही नाही. महाराष्ट्राच्या दहावीच्या परीक्षेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची अ श्रेणी असेल तर ७ वाढीव गुण, ब असेल तर ५ आणि क असेल तर ३, असे दरपत्रक शासनाने जाहीर केलेले आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे सर्वांच्या लाडक्या एनएसएसमध्ये, दोन वर्षांत २४० तास भरले आणि सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर केले की प्रमाणपत्र मिळते आणि मुंबई विद्यापीठात त्यावर १० गुणांची सवलत मिळते. एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल तर सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या एका योजनेत लेखी परीक्षाच माफ होते. मला हा सरकारी प्रकार मनापासून आवडतो. त्यात नेतृत्व, संवेदनशीलता, जागतिक नागरिकत्व वगैरे भाषा नाही. रेशनच्या दुकानाबाहेर फळ्यावर भाव लिहावेत तसा सगळा व्यवहार उघड आहे. पोराला चित्रकलेची आवड आहे का, असे कोणी विचारत नाही. आवड नसलेली हजारो मुले दरवर्षी स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती या पायऱ्या चढून जातात. स्मरणचित्रातल्या बाजारात सगळी माणसे पाठमोरी का उभी असतात, याचे कारण प्रत्येक परीक्षकाला ठाऊक आहे. चेहरा काढायला जास्त सराव लागतो आणि सात गुणांत तो परवडत नाही.

अमेरिकेत मात्र हा व्यवहार उघड भावाने होत नाही, 'समग्र मूल्यमापन' अशा भारदस्त नावाने होतो. त्याचा जन्मदाखला पाहण्यासारखा आहे. १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या पहिल्या वर्षात पाचांतला एक विद्यार्थी ज्यू होता. ही मुले परीक्षेत चांगले गुण मिळवून येत होती, त्यामुळे त्यांना अडवायला हरकतीचा मुद्दा सापडेना. अध्यक्ष लॉवेल यांना ज्यूंची संख्या १५ टक्क्यांवर रोखायची होती. प्राध्यापकांनी उघड कोटा मान्य केला नाही. मग अर्जात नवनवे प्रश्न आले. त्यातला एक तर असा होता की जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय. १९२६ पासून गुणांच्या जोडीला चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व मोजायचे ठरले, फोटो मागवायला सुरुवात झाली आणि संख्या मनासारखी खाली आली. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली 'द चोझन' या जाडजूड पुस्तकात हा सगळा इतिहास कागदपत्रांसह मांडला आहे. गुण मोजता येतात, म्हणून त्यांच्यावर वाद घालता येतो. व्यक्तिमत्त्व मोजता येत नाही, हीच त्याची सोय. त्याच्याही आधी, १९०२ साली वारलेल्या सेसिल ऱ्होड्स यांनी आपल्या मृत्युपत्रात ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्तीसाठी विद्वत्तेबरोबर क्रिकेट-फुटबॉलसारख्या मर्दानी खेळांची आवडही मागितली होती. गल्ली क्रिकेटमध्ये काचा फोडणाऱ्या आपल्या पोरांना हे कलम कळले असते तर ऑक्सफर्डला आणखी एक चाळ बांधावी लागली असती.

शंभर वर्षांपूर्वीचे पाप आजच्या माथी कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून आजचे पाहू. लॉरेन रिव्हेरा आणि अँड्रास टिल्चिक या दोन संशोधकांनी एक खोडसाळ प्रयोग केला आणि २०१६ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या मोठ्या वकिली कंपन्यांच्या ३१६ कचेऱ्यांकडे त्यांनी काल्पनिक विद्यार्थ्यांचे अर्ज पाठवले. कॉलेज तेच, गुण तेच, कामाचा अनुभव तोच. फरक होता तो आडनावात, एखाद्या बक्षिसात आणि छंदांत. एकाचे छंद शिडाची होडी चालवणे, पोलो आणि अभिजात संगीत, तर दुसऱ्याचे धावणे, मैदानावर जमेल तसा फुटबॉल आणि कंट्री संगीत. होडीवाल्या मुलाला शंभरांतल्या सोळा कचेऱ्यांनी मुलाखतीला बोलावले, धावणाऱ्याला जेमतेम एका. आता वकिली कचेरीत होडी चालवण्याचा प्रसंग किती वेळा येतो? उलट कोर्टात तारीख चुकू नये म्हणून धावायची वेळ तर रोज येते. होडी पाहून साहेबाला एवढेच कळले की हा आपल्यातला आहे. याच प्रयोगात होडी चालवणाऱ्या मुलीला मात्र शंभरांत चारच कचेऱ्यांनी बोलावले, धावणाऱ्या मुलीपेक्षाही कमी. श्रीमंत घरची मुलगी लग्नानंतर नोकरी सोडून देईल, अशी शंका साहेबांना आली. म्हणजे एकच शिडाची होडी मुलाला पैलतीरी नेते आणि मुलीला बुडवते. छंदाच्या रकान्यातून माणसाची कर्तबगारी दिसते म्हणणाऱ्यांनी या आकड्यांसमोर थोडा वेळ बसावे.

दुसरा पुरावा त्याहून मोठ्या आकाराचा आहे. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या तिघा अर्थतज्ज्ञांनी २०२३ साली आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारा नामांकित विद्यापीठांची नोंदपुस्तके तपासली. प्रवेशपरीक्षेचे गुण सारखे असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तिथे पोहोचतात, असे त्यांना दिसले. कारणे तीन निघाली: आईवडील त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी असणे, खेळाडू म्हणून निवड होणे आणि अभ्यासेतर गोष्टींना मिळणारे गुण. पुढे आयुष्यात कोण चमकतो हे या तीन गोष्टींवरून कळते का, हेही त्यांनी पाहिले. कळत नाही. परीक्षेच्या गुणांवरून मात्र बऱ्यापैकी कळते. मूल सहा वर्षांचे असल्यापासून त्याला तलवारबाजीची शिकवणी लावणाऱ्या पालकांना ही बातमी कोणीतरी हळूच सांगायला हवी.

आणि जिथे ओळीला एवढी किंमत आली तिथे ओळ विकणाराही येणारच. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत प्रवेशघोटाळा उघडकीला आला तेव्हा जगाची चांगली करमणूक झाली. ज्यांनी वल्हे कधी हातात धरले नव्हते त्या मुलींचे व्यायामाच्या वल्हेयंत्रावर फोटो काढून त्यांना नौकानयनपटू ठरवले होते. एका वडिलांनी वॉटरपोलोचा पोशाख आणि चेंडू ऑनलाइन मागवून मुलाला पोहण्याच्या तलावात उभे केले. फोटोत पोरगा पाण्याच्या फारच वर दिसतो, म्हणून तो फोटो नीट करून घ्यावा लागला. एकाला तर फुटबॉल संघाचा 'किकर' दाखवायचे ठरले, आणि त्याच्या शाळेत फुटबॉलचा संघच नव्हता. या उद्योगाचा सूत्रधार रिक सिंगर याला २०२३ साली साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. आपण हसायचे कारण नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची बनावट प्रमाणपत्रे दाखवून नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे आपल्याकडेही गाजली. अमेरिकनांनी निदान फोटोपुरते तरी पोराला पाण्यात उतरवले. आपल्या माणसाने उडी मारण्याचेही कष्ट घेतले नाहीत. आणि ज्याने खरोखर घाम गाळून पदक मिळवले, त्याचे प्रमाणपत्र आता पडताळणीच्या फायलीत इतरांबरोबर पडून राहते.

एवढे ऐकल्यावर एक गृहस्थ हमखास उठतात आणि विचारतात, मग काय, फक्त मार्कच बघायचे? प्रश्न वाजवी आहे. फक्त मार्क बघण्याचा प्रयोग आपण मोठ्या प्रमाणावर करतोच आहोत. जेईई, नीट आणि सीईटी यांना तुमच्या बासरीशी कर्तव्य नाही. त्याचा फायदा असा की तिथे निदान कुणाला वॉटरपोलोचा पोशाख शिवावा लागत नाही. तोटा असा की कोटा आणि लातूर या गावांत पोरे सतरा वर्षांची होईपर्यंत मैदानाकडे फक्त खोलीच्या खिडकीतून बघतात. पैशाने मार्कही विकत मिळतात, शिकवणीच्या रूपाने. पण मार्क विकत घेतल्यावरही पेपर स्वतःलाच सोडवावा लागतो, आणि अध्यक्षपदाला तेवढीही अट नाही. शिवाय हा प्रश्न विचारणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की उपक्रमांचा उपयोग फक्त निवड करणाऱ्याला आहे. निवडीसाठी मोजले नाहीत तर ते करायचे तरी कशाला, असे त्याला वाटते. मोजायचे थांबवले की मुले खेळायची थांबतील, ही त्याची खरी भीती. मुलांनी कधी कुणाच्या मोजणीसाठी विटीदांडू खेळल्याचे ऐकिवात नाही.

आता उपक्रम करणाऱ्याला त्याचा काय फायदा होतो ते पाहू. १९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी भेद करू नये, एवढेच त्याचे म्हणणे, पण त्याचा सर्वांत मोठा दणका खेळाच्या मैदानाला बसला. तोवर तिथल्या हायस्कूलमध्ये सत्तावीस मुलींतली एक शाळेच्या संघात खेळायची. १९७८ पर्यंत चौघींतली एक खेळू लागली. बेट्सी स्टीव्हन्सन या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेने २०१० साली या बदलाचा मागोवा घेतला. ज्या राज्यांत आधीपासून मुलांचे संघ जास्त होते, तिथल्या शाळांना मुलींसाठीही तितकीच जास्त सोय करावी लागली. या फरकाच्या आधारे तिने हिशेब मांडला की मुलींच्या सहभागात शेकडा दहाची वाढ झाली तर कॉलेजात जाणाऱ्या मुलींत शेकडा एकाची आणि पुढे नोकरीव्यवसाय करणाऱ्या बायकांत शेकडा एक ते दोनाची वाढ होते. आकडा छोटा दिसतो, पण लाखोंच्या हिशेबात तो फार मोठा आहे. या मुलींना कोणी निवडून आणलेले नव्हते. कायद्याने मैदानाचे फाटक उघडले आणि जी आली ती खेळली, त्यात राखीव बाकावर बसणाऱ्याही आल्या. त्याच्याही आधी, १९९७ साली, जोसेफ महोनी आणि रॉबर्ट केर्न्स यांनी दाखवले होते की शाळा सोडून देण्याचा धोका ज्या मुलांना सर्वांत जास्त असतो, त्यांनाच शाळेतल्या खेळ-कलांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. ही मुले विद्यापीठाच्या अर्जापर्यंत पोहोचण्याची शक्यता मुळात कमी. म्हणजे उपक्रमाचा खरा लाभ अर्जापासून सर्वांत लांब उभ्या असलेल्या पोराला मिळतो, आणि अर्जात मिरवतो तो ज्याचे त्याच्यावाचून काही अडले नव्हते तो.

हे पोर नक्की काय शिकते, ते पाहायला गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीपथकाइतकी चांगली जागा नाही. हातात पावतीपुस्तक आणि खिशात सुट्टे पैसे घेऊन चार पोरे जिना चढतात. पहिल्या मजल्यावर दार उघडत नाही, पण आतून टीव्हीचा आवाज येतो. दुसऱ्या मजल्यावरचे काका दार उघडतात ते गेल्या वर्षीचा हिशेब मागण्यासाठीच. स्पीकरचे भाडे एवढे कसे, प्रसादाला केळी डझनाने घेतली की किलोने, आणि मिरवणुकीतल्या गुलालाचा खर्च गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट का, हे त्यांना ऐकायचे असते. सतरा वर्षांच्या पोराला तिथे उभ्या उभ्या जमाखर्च समजावून द्यावा लागतो, वर 'काका, यंदा आरतीला तुम्हीच या' असे म्हणून पावती फाडावी लागते. मांडवाची परवानगी महापालिकेतून, स्पीकरची पोलीस चौकीतून, वीजजोड तात्पुरता, मूर्तिकाराला विसार आधी, आणि नवव्या दिवशी ट्रॉलीवाला फोन उचलत नाही. व्यवस्थापनाच्या महागड्या संस्थांत यातल्या प्रत्येक गोष्टीचा वेगळा विषय असतो. पण हाच मुलगा नोकरीच्या अर्जात काय लिहितो? छंद: वाचन, संगीत ऐकणे, प्रवास. लग्नाच्या बायोडेटातही हेच तीन छंद असतात. मंडळाचे नाव लिहायला त्याला लाज वाटते, कारण ते गावठी दिसेल. त्याऐवजी तो मॉडेल युनायटेड नेशन्सचे प्रमाणपत्र जोडतो. वातानुकूलित सभागृहात कोट घालून त्याने सुदानच्या पाणीप्रश्नावर ठराव मंजूर करून घेतलेला असतो, आणि त्याच दिवशी त्याच्या सोसायटीत टँकर आलेला नसतो.

पुरुषोत्तम करंडकाचेही तेच आहे. महाराष्ट्रीय कलोपासकची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून पुण्यात चालू आहे. पिटात 'अरे आव्वाज कुणाचा' घुमत असते तेव्हा रंगमंचावर दिसतात ती पाच-सहा पोरे. विंगेत त्याच्या तिप्पट असतात. कोणी दाराची चौकट धरून उभा, कोणी प्रकाशाच्या पाटीवर, कोणी प्रॉम्प्टिंगची वही घेऊन, तर कोणी नायकाच्या चपला शोधत. त्यांना टाळी नाही आणि वर्तमानपत्रात नाव नाही. पण अंधार झाल्यावर मोजक्या सेकंदांत टेबल उचलून खुर्ची ठेवायची आणि ती बरोबर खडूच्या खुणेवर ठेवायची, हे जमणारा माणूस कुठल्याही कचेरीने डोळे झाकून घ्यावा. अर्जात मात्र त्याच्याकडे लिहायला पद नाही. 'बॅकस्टेज' हे पद नव्हे, असे त्यालाच वाटते. आयआयटीच्या वसतिगृहांत जबाबदारीच्या पदाला पोरे 'पीओआर' म्हणतात आणि ते मिळवण्यासाठी निवडणुकीसारखी धामधूम चालते. खुर्च्या मांडण्यासाठी अशी धामधूम झाल्याचे कुठल्याच कॅम्पसवर कुणी पाहिलेले नाही, आणि तरी प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या मांडलेल्या सापडतात.

कचेरीवाल्यांची अडचण मला मान्य आहे. एका जागेला पाचशे अर्ज येतात, माणसे मोजकी बोलवायची असतात, मग कुठली तरी ओळ पाहून चाळण लावावीच लागते. ठीक आहे, लावा. पण ती ओळ कितीही चमकदार असली तरी तेवढ्यावर निवड करू नका, मुलाखतीत एक प्रश्न विचारा: त्या कार्यक्रमात काय बिघडलं होतं? ज्याने प्रत्यक्ष काम केले आहे त्याचे डोळे चमकतात. पाहुण्यांची गाडी घाटात अडकली, जेवण दोनशे माणसांचे सांगितले आणि तीनशे आली, हारवाला दुसऱ्याच मंगल कार्यालयात गेला, सूत्रसंचालिकेचा आवाज बसला, ही कथा तो दहा मिनिटे सांगेल आणि त्यातली सहा मिनिटे दुसऱ्या कोणी काय सांभाळून घेतले त्याची असतील. ज्याने फक्त पद भूषवले तो म्हणेल, सगळं सुरळीत पार पडलं. मराठी मुलखात आजवर कुठलाही कार्यक्रम सुरळीत पार पडलेला नाही. तसे म्हणणारा माणूस तिथे नव्हता, एवढे निश्चित समजावे. हा प्रश्नही उद्या शिकवणीवाल्यांच्या हाती लागेल आणि ते 'ठरावीक बिघाड' पाठ करून घेतील, असा आक्षेप येईल. येऊ द्या. बिघाडाची खरी हकिगत इतकी तपशीलवार आणि इतकी हास्यास्पद असते की ती बसल्या जागी रचणे अवघड, आणि ज्याला ती रचता आली त्याला जाहिरात विभागात घ्यावे.

शेवटचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या मुलीला शाळा सुटल्यावर धाकट्या भावाला सांभाळायचे आहे, ज्या मुलाला बापाच्या किराणा दुकानात संध्याकाळी पुड्या बांधायच्या आहेत किंवा उसाला पाणी द्यायला रात्री मोटर चालू करायला जायचे आहे, त्यांनी कुठले मंडळ स्थापन करायचे? याचे उत्तर गंमत म्हणजे त्याच अमेरिकन अर्जात आहे. उपक्रमाचा प्रकार निवडण्याच्या यादीत वादविवाद, नृत्य, खेळ यांच्याबरोबर 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हाही एक पर्याय आहे आणि पगारी काम हाही आहे. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पाने २०१६ साली 'टर्निंग द टाइड' नावाचा अहवाल काढला. घरच्या माणसांसाठी केलेल्या कामाची विद्यापीठांनी दखल घ्यावी आणि दोन-तीनपेक्षा जास्त उपक्रम दाखवण्याचे दडपण मुलांवर येऊ देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अनेक विद्यापीठांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला. पण अर्जातला हा पर्याय वापरायला आपले पालकच तयार नसतात. पोरगा दुकानात बसतो हे हार्वर्डला कसे कळवायचे? त्यापेक्षा कासवे बरी. आजारी आजीची औषधे वेळेवर देणारी, तिच्या पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला नेणारी मुलगी रकाना भरताना विचारात पडते आणि मग जिथे एकदाच गेली होती त्या समुद्रकिनारा स्वच्छता मोहिमेचे नाव लिहिते.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा असा अर्ज भरला जाणार आहे त्यांना एवढेच सांगायचे आहे, की दुकान लिहा. किती वर्षे, आठवड्याला किती तास आणि उधारीची वही कोण सांभाळते तेही लिहा, दीडशे अक्षरांत ते आरामात बसते. अर्ज दर वर्षी १ ऑगस्टला उघडतो. उपक्रमांच्या जागा दहा आहेत, आणि दहाही भरल्याच पाहिजेत असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.